न्यायमूर्ती लेम्युएल शॉ : एकाच पुस्तकातले दोन निकाल



वकिलांच्या कपाटात कातडी बांधणीची जी जाडजूड पुस्तके ओळीने उभी असतात, ती आमच्यासारख्यांना बहुधा लांबूनच दिसतात. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या दाराशी आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तारखेचा पुकारा होईपर्यंत काही तरी वाचावे म्हणून हाताला लागेल ते वाचू लागलो, आणि ती सवय आता पन्नाशी उलटल्यावरही सुटलेली नाही. त्या वाचनातच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा एक खंड भेटला. मेटकाफ नावाच्या गृहस्थांनी संपादिलेल्या मालेतील हा चौथा खंड. त्याच्या ४९ व्या पानावर एक निकाल सुरू होतो आणि १११ व्या पानावर दुसरा. दोन्ही मार्च १८४२ च्या सत्रातले, दोन्ही मुख्य न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी लिहिलेले. दुसऱ्यात, संघटना केली म्हणून गुन्हेगार ठरलेल्या सात बूट कारागिरांची त्यांनी सुटका केली. पहिल्यात, चाकाखाली उजवा हात चिरडलेल्या एका रेल्वे कामगाराला एक पैसाही भरपाई मिळू दिली नाही.

आमच्या चळवळीच्या पुस्तकांतून बूट कारागिरांच्या खटल्याचे गोडवे गायिलेले असतात. हात गेलेल्या माणसाचे नाव त्यांत सहसा आढळत नाही. मीदेखील पुष्कळ वर्षे अभ्यासवर्गातून अर्धीच गोष्ट सांगत आलो. आज पुरी सांगण्याचा विचार आहे.

शॉ यांचा जन्म ९ जानेवारी १७८१ चा, म्हणजे अमेरिका इंग्रजांशी लढत होती त्या काळातला. वडील ओक्स शॉ हे केप कॉड भागातील बार्नस्टेबल येथे धर्मोपदेशक होते. घरी विद्या होती, पैसा बेताचा होता. १८०० साली हार्वर्डमधून पदवी घेऊन मुलगा बॉस्टनला आला, एका शाळेत मास्तरकी केली, वर्तमानपत्रासाठी लिहिले आणि फावल्या वेळात डेव्हिड एव्हरेट या वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला. तेव्हा कायदा बहुतेकांनी असाच शिकायचा, एखाद्या वकिलाच्या कचेरीत बसून, नकला करीत. १८०४ साली सनद मिळाली. वकिली सावकाश वाढली, पण भक्कम वाढली. सावकार, व्यापारी, पेढ्या, गिरण्यांचे भांडवलदार हे त्यांचे पक्षकार. राजकारणातही ते त्याच मंडळींच्या फेडरलिस्ट पक्षात होते. राज्याच्या प्रतिनिधिगृहात १८११ पासून अनेकदा बसले, पुढे सिनेटमध्ये गेले. १८२० च्या घटना परिषदेतही सभासद होते.

त्यांच्या राजकीय आयुष्यातले टिकाऊ काम म्हणजे बॉस्टन शहराची सनद. तोवर बॉस्टन कायद्याने एक गावच होते. लोकसंख्या ४३ हजारांच्या घरात गेली तरी कारभार सर्व मतदारांच्या गावसभेत चालायचा. १८२२ साली महापौर आणि निवडलेली मंडळे असलेली रीतसर नगरपालिका आली, तिचा मसुदा शॉ यांच्या हातचा. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या सोसायटीचे नियम तरी लिहिले असतील त्यांना ठाऊक आहे की असल्या कामात कीर्ती नसते आणि चूक मात्र पन्नास वर्षे नडते.

१८३० साली मुख्य न्यायमूर्तींचे पद रिकामे झाले. शॉ तेव्हा वकिलीत वर्षाला पंधरा-वीस हजार डॉलर मिळवीत होते आणि न्यायासनाचा पगार होता साडेतीन हजार. त्यांचे मन वळवायला डॅनियल वेब्स्टर हा त्या काळचा नामांकित वक्ता स्वतः घरी गेला. तो बोलत राहिला आणि शॉ सिगार ओढीत राहिले, अशी हकीकत सांगतात. शेवटी होकार मिळाला. पुढची तीस वर्षे ते त्या आसनावर होते आणि तेवढ्या काळात सुमारे २,२०० निकाल त्यांनी लिहिले. देह थोराड, डोके मोठे, चेहरा खडबडीत. रूफस चोट नावाच्या वकिलाच्या तोंडी त्यांच्याविषयी एक विनोद घालतात. त्याचा मराठीत अर्थ एवढाच की, मूर्ती ओबडधोबड असली तरी देव जागृत आहे. अमेरिकेत तेव्हा आगगाडी नवी होती, कापडगिरण्या नव्या होत्या, आणि या नव्या गोष्टींना लागू करायचा कायदा मात्र जुना, घोडागाडीच्या काळातला होता. तो बदलून घेण्याचे काम शॉ यांच्याइतके फार थोड्या न्यायाधीशांनी केले.

आता बूट कारागिरांकडे येऊ.

मजुरीवर बूट शिवणाऱ्या बॉस्टनच्या कारागिरांनी १८३५ साली आपली संस्था स्थापिली. जो मालक संस्थेबाहेरच्या कारागिराला कामावर ठेवील त्याच्याकडे आपण काम करायचे नाही, हा त्यांचा नियम. आयझॅक वेट या मालकाकडे जेरेमाया हॉर्न नावाचा एक कारागीर होता. त्याने एका जोडावर जास्तीचे काम मजुरी न घेता करून दिले, म्हणून संस्थेने त्याला दंड केला. तंटा वाढला, हॉर्न संस्थेबाहेर गेला आणि संस्थेने वेटला कळवले की, हा राहिला तर आम्ही राहत नाही. वेटने हॉर्नला काढले. हॉर्न सरकारी वकिलाकडे गेला आणि ऑक्टोबर १८४० मध्ये जॉन हंट व त्याच्या सहा सोबत्यांवर कट केल्याचा आरोप ठेवण्यात आला.

येथे ‘कट’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. एकट्याने केले तर गुन्हा नाही, पण चौघांनी ठरवून केले तर गुन्हा, असा इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याचा एक अर्थ लावला जात असे. इंग्लंडात तर १७९९ आणि १८०० साली कामगारांच्या संघटनांविरुद्ध खास कायदेच झाले होते, ते १८२४ साली उठले. अमेरिकेत असे कायदे नव्हते, पण न्यायाधीशांना त्यांची गरज भासली नाही. १८०६ साली फिलाडेल्फियात मजुरी वाढवून मागण्यासाठी एकत्र आलेल्या आठ चांभारांना याच रूढ कायद्याखाली दोषी ठरवून प्रत्येकी आठ डॉलर दंड झाला होता. बॉस्टनच्या नगर न्यायालयात न्यायाधीश थॅचर यांनी ज्यूरीला बजावले की, असल्या संघटना माजू दिल्या तर कुणाचीच मालमत्ता सुरक्षित राहणार नाही. ज्यूरीने सातही जणांना दोषी धरले.

त्यांचा वकील होता रॉबर्ट रँटूल. पस्तिशीचा, शॉ यांच्या विरुद्ध पक्षातला लोकशाहीवादी. इंग्लंडचा रूढ कायदा म्हणजे न्यायाधीशांनी आपल्या मनाने रचलेला कायदा, तो लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाच्या देशात चालता कामा नये, हे त्याचे ठाम मत. त्याने अपिलात मांडले की, कटाचा हा इंग्रजी कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये कधी आलाच नाही.

शॉ यांनी रँटूलचे हे म्हणणे मान्य केले नाही. कटाचा कायदा आपल्या राज्यात आहे, असेच त्यांनी सांगितले. मग ते आरोपपत्राकडे वळले. हेतू गुन्ह्याचा असला पाहिजे, नाही तर साधन तरी गुन्ह्याचे असले पाहिजे. या आरोपपत्रात दोहोंपैकी काय आहे? ‘बेकायदेशीरपणे’, ‘कपटाने’ अशी विशेषणे जागोजाग पेरली आहेत, ती काढून टाकली तर काय उरते? काही माणसांनी एकत्र येऊन आपल्या धंद्यातल्या सर्वांना संस्थेत आणायचे ठरवले, एवढेच. ही सत्ता वाईट कामाला लावता येईल, तशी चांगल्या कामालाही लावता येईल. त्यांनी दाखला दिला दारूचा. एखाद्या कारखान्यात दारू पुरवली जाते, किंवा तिथे अट्टल दारूबाज माणूस ठेवला आहे, म्हणून बाकीच्यांनी तिथे काम न करण्याचे ठरवले तर त्याला गुन्हा कोण म्हणेल? दुसरा दाखला भाकरीचा. वस्तीतला एकुलता भट्टीवाला पाव महाग विकतो म्हणून लोकांनी दुसऱ्याला बोलावून दुकान घालून दिले, तर पहिल्याचे नुकसान होते हे खरे, पण तो कट नव्हे. बांधील करार नसेल तर कोणी कोणाकडे काम करावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीचे आहे. आणि जे एकाच्या मर्जीचे, ते अनेकांनी मिळून ठरवले म्हणून पाप होत नाही.

शिक्षा रद्द झाली. अमेरिकेतल्या मोठ्या न्यायालयाने संघटना हा स्वतः गुन्हा नाही असे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितले, त्याचे मोल मोठे आहे. मात्र लगेच सगळे मोकळे झाले असे समजू नये. इतर राज्यांत खटले होतच राहिले आणि शतकाच्या अखेरीस मालकांना कटाच्या खटल्याहून सोपे हत्यार सापडले, ते म्हणजे न्यायालयाची मनाई.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगतो. या खटल्यात हॉर्नचे काय, हे आम्ही युनियनवाले विचारीत नाही. तो फितूर म्हणून सोडून देतो. तरुणपणी आमच्या कारखान्यात वर्गणीची पावती न फाडणारा एक जण होता. आम्ही त्याच्याशी बोलणे टाकले, त्याच्या डब्याशेजारी कोणी बसेना. चार महिन्यांत तो नोकरी सोडून गावी गेला. त्याच्या घरी आजारपण होते आणि वर्गणी द्यायला खरेच पैसे नव्हते, हे मला मागाहून कळले. शॉ यांचा निकाल मला आजही बरोबर वाटतो. पण तो वाचताना मला हंट आठवत नाही, तो डबा आठवतो.

आता ४९ वे पान. निकोलस फारवेल हा बॉस्टन-वुस्टर रेल्वेवर इंजिन ड्रायव्हर होता. रोज दोन डॉलर पगार. ऑक्टोबर १८३७ मध्ये न्यूटन येथे सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेवला. इंजिन रुळावरून उतरले आणि फारवेलचा उजवा हात चाकाखाली सापडून कामातून गेला. त्याने कंपनीवर दावा केला. त्याचा वकील चार्ल्स लोरिंग यांचा मुद्दा सरळ होता: गाडीत बसलेला उतारू जखमी झाला असता तर कंपनीने नोकराच्या हयगयीबद्दल भरपाई दिली असती, मग ड्रायव्हरला का नाही? सांधेवाला आणि ड्रायव्हर एकमेकांच्या शेजारी काम करीत नाहीत, दोघांची खाती वेगळी, त्याच्यावर हा काय लक्ष ठेवणार?

शॉ यांनी उत्तर दिले करारातून. उतारूचा कंपनीशी करार वेगळा, कामगाराचा वेगळा. धोक्याचे काम पत्करताना माणूस धोका जाणतो आणि पगार ठरवताना त्या धोक्याची किंमत लावूनच घेतो. दोन डॉलरांत हाताची जोखीम आलेली आहे. सोबत्याची हयगय हाही त्या धोक्याचाच भाग. शिवाय कामगारांनी परस्परांवर नजर ठेवावी, हलगर्जीपणा दिसला तर मालकाला कळवावे, तो ऐकत नसेल तर नोकरी सोडावी, त्यातच सर्वांची सुरक्षितता आहे. आणि खाती वेगळी असण्याचा मुद्दा? तो भेद कुठे करायचा आणि कुठे नाही, याला अंत नाही, म्हणून तोही गैरलागू.

या निकालातला प्रत्येक दुवा पुढच्याशी पक्का जोडलेला आहे. हातोडा मारून पाहिला तर कुठे पोकळ वाजत नाही. फक्त पहिली कडी जिथे अडकवली आहे तिथे भिंतच नाही. दोन डॉलरांवर कंपनीशी घासाघीस करून त्यात धोक्याचा भाव लावून घेणारा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही. नव्वदीच्या दशकात एका वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या पॉवर प्रेसवर एका पोराची तीन बोटे गेली. ठेकेदाराचा माणूस, वय एकोणीस. त्याला दर विचारला होता का? पगार किती ते सुद्धा त्याला पहिल्या महिन्याच्या अखेरीस कळले होते.

दोन्ही निकाल एकाच मुळातून आले आहेत, हे मला उशिरा उमगले. बूट कारागीर स्वतंत्र माणसे आहेत, म्हणून त्यांना हवे तर एकत्र काम नाकारता येते. फारवेलही स्वतंत्र माणूस आहे, म्हणून त्याने मान्य केलेला धोका त्याचाच. शॉ यांनी कामगारांची कड घेतली आणि मग सोडली असे झाले नाही. त्यांनी दोन्ही वेळा एकच माणूस डोळ्यांपुढे धरला. तो माणूस बॉस्टनच्या एखाद्या व्यापाऱ्यासारखा होता, अटी न पटल्या तर उठून जाऊ शकणारा. काही अभ्यासकांनी असाही तर्क केला आहे की, त्या वर्षांत शॉ यांच्या विचारांच्या व्हिग पक्षाला जकातीच्या प्रश्नावर कामगारांची मते हवी होती, म्हणून १११ व्या पानाचा निकाल तसा आला. मला हा तर्क फारसा पटत नाही. तीस वर्षांतले निकाल पाहता हा माणूस मतांकडे बघून लिहिणारा दिसत नाही. आपल्या तत्त्वाने नेले तिकडे तो गेला, आणि रेल्वे कंपन्यांच्या सोयीच्या गावी तत्त्वाने त्याला वारंवार नेले, एवढे मात्र म्हणता येईल.

हाच नियम ‘सहनोकराचा नियम’ म्हणून अमेरिकेतील राज्याराज्यांतून पसरला. इंग्लंडात १८३७ पासून तो होताच. रेल्वे कामगारांपुरता अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तो १९०८ साली दूर केला. खुद्द मॅसॅच्युसेट्सने १९११ साली कामगार भरपाईचा कायदा केला. इंग्लंडातून तो पुरता गेला १९४८ साली. आपल्याकडे इंग्रजी कायद्याबरोबर तोही आला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने त्याची धार बोथट केली, १९३८ च्या मालक-दायित्व कायद्याने बचावाची ती वाट बंद होत गेली. १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात पुढे ठरलेल्या हिशेबाप्रमाणे एका हाताची तीन बोटे म्हणजे कमावण्याची तीस टक्के शक्ती. त्या पोराचा अर्ज मीच लिहिला होता, म्हणून आकडा पाठ आहे.

आणि १११ व्या पानाचीही सावली आपल्यापर्यंत आली आहे. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या झगड्यात बी. पी. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांवर मालकांनी उच्च न्यायालयातून मनाईहुकूम आणला. संघटना करणे हाच जणू दावा लावण्याजोगा अपराध ठरला. त्यावर आपल्या ना. म. जोशींनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला आणि त्यातून १९२६ चा कायदा झाला. त्याच्या १७ व्या कलमात लिहिले होते की, संघाच्या उद्दिष्टांसाठी सभासदांनी केलेला करार हा फौजदारी कट होणार नाही, मात्र तो करार एखादा गुन्हा करण्याचाच असेल तर गोष्ट वेगळी. जोशींनी शॉ वाचले होते असा माझा दावा नाही. परंतु कलमातला तो ‘मात्र’ बॉस्टनच्या निकालातल्या ‘मात्र’सारखाच आहे.

शॉ यांची खरी कसोटी कामगारांच्या खटल्यांत लागली नाही, ती गुलामांच्या खटल्यांत लागली. गुलामगिरीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. १८३६ साली न्यू ऑर्लीन्सची एक बाई बापाला भेटायला बॉस्टनला आली, बरोबर मेड नावाची सहा वर्षांची गुलाम मुलगी होती. बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या संस्थेने हेबियस कॉर्पसचा अर्ज आणला. शॉ यांनी सांगितले की, मालकाने आपणहून ज्याला या राज्यात आणले तो इथे गुलाम राहू शकत नाही. मेड मोकळी झाली. पण त्याच निकालात त्यांनी एक दार उघडे ठेवले: पळून आलेल्याची गोष्ट निराळी, कारण पळालेल्याला परत देण्याचे वचन संघराज्याच्या घटनेतच आहे.

त्या दारातून काय आत येणार ते १८५१ साली कळले. तत्पूर्वी, १८५० साली, सेरा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या निग्रो मुलीला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळा ओलांडून लांबच्या वेगळ्या शाळेत जावे लागते, हा दावा त्यांच्यापुढे आला होता. चार्ल्स सम्नर आणि रॉबर्ट मॉरिस हा काळा वकील तिच्या बाजूने उभे होते. शॉ यांनी निकाल दिला की, कायद्यापुढे सगळे समान आहेत हे खरे, पण शाळा वेगळ्या ठेवाव्यात असे शाळा समितीने सद्बुद्धीने ठरवले तर समानता भंगत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने पाच वर्षांतच कायदा करून हा भेद मोडला. निकाल मात्र उरला. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीतले वेगळे डबे कायदेशीर ठरवताना त्याचाच आधार घेतला, आणि ती गाठ सुटायला १९५४ साल उजाडावे लागले.

एप्रिल १८५१ मध्ये टॉमस सिम्स हा जॉर्जियातून पळून आलेला सतरा वर्षांचा मुलगा बॉस्टनमध्ये पकडला गेला. लोक त्याला सोडवतील या भीतीने अधिकाऱ्यांनी न्यायालयाच्या इमारतीभोवती लोखंडी साखळ्या ओढल्या. सत्तरीचे मुख्य न्यायमूर्ती आपल्याच न्यायालयात जाण्यासाठी त्या साखळीखालून वाकून आत गेले. बॉस्टनकरांनी ते पाहिले आणि विसरले नाहीत. सिम्सच्या बाजूचे वकील कोण? बूट कारागिरांचा रॉबर्ट रँटूल आणि फारवेलचा चार्ल्स लोरिंग. दहा वर्षांपूर्वी दोन वेगळ्या खटल्यांत त्यांच्यापुढे उभे राहिलेले दोघे या वेळी एकाच बाजूला होते. पळपुट्या गुलामांचा १८५० चा कायदा घटनाबाह्य आहे, असे रँटूलने मांडले. शॉ यांनी हेबियस कॉर्पस नाकारला. संघराज्य या वचनावर उभे आहे, ते मोडले तर संघराज्य मोडेल, हा त्यांचा विचार. पहाटे शेकडो शिपायांच्या पहाऱ्यात सिम्सला गलबतावर चढवले आणि सव्हाना येथे पोचल्यावर त्याला उघड्यावर फटके मारले.

शॉ यांची मुलगी एलिझाबेथ हर्मन मेल्व्हिल या कादंबरीकाराला दिली होती, आणि जावयाने आपले पहिले पुस्तक सासऱ्याला लग्नाआधीच अर्पण केले होते. कायद्यापुढे आपले मन गिळणारा एक कप्तान त्याने अखेरच्या वयात रंगवला, त्यात काहींना शॉ दिसतात. ऑगस्ट १८६० मध्ये शॉ निवृत्त झाले. पळालेल्या गुलामांना आसरा देणारे मॅसॅच्युसेट्सचे कायदे रद्द करा, म्हणजे दक्षिणेची राज्ये फुटणार नाहीत, अशा आवाहनावर त्या हिवाळ्यात त्यांनी सही केली. ३० मार्च १८६१ रोजी ते वारले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. टॉमस सिम्स १८६३ साली त्याच युद्धाच्या धामधुमीत व्हिक्सबर्गहून पुन्हा निसटला आणि बॉस्टनला परत आला.